कंट्रोलच्या अंगठ्यामागची संहिता

राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष रुसून घर सोडतो, साहित्यविद्या त्याची समजूत काढत देशोदेशी त्याच्या मागे हिंडते, आणि अखेर दोघांचं लग्न लागतं ते विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशिम. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. त्या शाखेचा संस्थापक सर्वसेन स्वतः कवी होता. त्याचं 'हरिविजय' हे प्राकृत काव्य आज हाती नाही, पण आनंदवर्धनाला ते ठाऊक होतं. काव्याची आणि काव्यशास्त्राची गाठ जिथं पडली, त्या जिल्ह्यातून रोज निघणाऱ्या एका मजकुराचं रसग्रहण करायला हरकत नसावी, मग तो मजकूर एक्सएमएलमध्ये का असेना.

वऱ्हाडात रेशनच्या दुकानाला अजूनही कंट्रोल म्हणतात. रिसोडला, मानोऱ्याला, कारंज्याला कुठंही जा, कंट्रोलच्या काउंटरवर ई-पॉस मशीन असतं. माणूस अंगठा लावतो, मशीन जरा थांबतं, आणि एकतर पावती निघते किंवा दुकानदार म्हणतो, "पुन्हा लावा." त्या थांबण्यात एक विनंती पुरवठा खात्याच्या सर्व्हरमार्फत आधारच्या बंगळूर किंवा मानेसर इथल्या संगणक केंद्राकडे जाते आणि उत्तर घेऊन परत येते. या विनंतीचा साचा आधार प्राधिकरणानं तपशीलपत्रात छापून ठेवला आहे. मी वाचतो आहे ती त्याची २.५ ही आवृत्ती. माणसानं वाचावा म्हणून हा मजकूर लिहिलेला नाही. तरी त्यात जी काटकसर आहे, जी शंकेखोर दूरदृष्टी आहे, ती चांगल्या पद्यातच सापडावी अशी.

रचना जुन्या पत्रासारखी आहे: मायना, मजकूर, सही. मायना 'ऑथ' या घटकात येतो. 'यूआयडी' म्हणजे कोणाबद्दल विचारतो आहोत. 'एसी' म्हणजे विचारणारी संस्था कोण. कारभारी भाषेत तिला एयूए म्हणतात. 'टीएक्सएन' म्हणजे या व्यवहाराचा क्रमांक. 'एलके' म्हणजे त्या संस्थेचा परवाना. पुढे 'यूजेस' नावाची एक ओळ येते, तीत पडताळणीसाठी काय काय वापरलं आहे हे आधीच कबूल करायचं: नाव-पत्ता, बोट, ओटीपी, ज्याच्या त्याच्यापुढे 'वाय' किंवा 'एन'. आतल्या मजकुरात जे आहे त्याच्याशी ही कबुली जुळली नाही तर विनंती परत येते. पाकिटावर 'आत तीन कागद' लिहायचं आणि आत दोनच ठेवायचे, ही सोय इथं नाही.

मजकुराचा भाग तीन घटकांत वाटला आहे: 'एसकी', 'डेटा' आणि 'एचमॅक'. अंगठ्याचा ठसा आणि वेळ मिळून एक छोटा एक्सएमएल बनतो, त्याला पिड ब्लॉक म्हणतात. तो बंद करायला मशीन त्या एका व्यवहारापुरती २५६ बिटांची किल्ली तयार करतं, तिनं मजकूर कुलूपबंद करतं, आणि ती किल्लीही आधारच्या २०४८ बिटांच्या सार्वजनिक किल्लीनं बंद करून 'एसकी'त ठेवतं. २०४८ बिटांची संख्या दशमानात मांडली तर ६१७ अंकी होते. तिचा जोडीदार फक्त आधारकडे. २०१७ च्या सुमारास नोंदणीकृत उपकरणांचा नियम आल्यापासून हे कुलूप ठसा घेणाऱ्या उपकरणाशीच लागतं. म्हणजे ज्या संस्थेच्या सहीनं ही विनंती पुढं जाणार आहे, तिला स्वतःला आतला मजकूर वाचता येत नाही. न वाचता केलेली सही म्हटली की आपल्याला तलाठी कचेरीतले अंगठे आठवतात आणि पोटात गोळा येतो. इथं मात्र ते न वाचणं मुद्दाम घडवलेलं आहे. सही करणारा सांगतो इतकंच की हे बंद पाकीट माझ्याकडून निघालं आणि वाटेत बदललं नाही. आत काय आहे याची ग्वाही तो देत नाही, आणि देऊ शकतही नाही.

'एचमॅक'बद्दल मात्र टीकाकारानं भुवई उंचावली पाहिजे. एचमॅक नावाची खरी रीत मिहीर बेल्लारे, रान कॅनेटी आणि ह्यूगो क्राव्झिक यांनी १९९६ साली मांडली. तीत गुपित किल्ली मजकुरात दोनदा मिसळतात, एकदा आत आणि एकदा त्या निकालाच्या बाहेरून. एकदाच, मजकुराच्या आधी किल्ली चिकटवून ठसा काढला तर काय होतं ते २००९ मध्ये फ्लिकरच्या बाबतीत थाई डुओंग आणि हुलियानो रिझ्झो यांनी दाखवलं: किल्ली ठाऊक नसतानाही मजकुराच्या शेपटीला नवी शेपटी जोडून खरी वाटणारी सही काढता येते. आधारच्या विनंतीतलं 'एचमॅक' यातलं काहीच नाही. पिड ब्लॉकचा साधा एसएचए-२५६ ठसा काढून तो व्यवहाराच्या किल्लीनं बंद केला आहे, एवढंच. फेरफार त्यानं पकडला जातो, काम भागतं, पण नाव मोठ्या घराण्याचं लावलेलं आहे. शिवाय नंतरच्या आवृत्त्यांत मजकूर बंद करायची जी एईएस-जीसीएम पद्धत आली ती स्वतःच छेडछाड ओळखते. तेव्हा आता ही पुनरुक्ती झाली. जुन्या बखरीत एकच प्रसंग दोन कलमांत येतो तशी. कोणी काढत नाही, कारण काढायला सगळ्यांना एकाच दिवशी काढावी लागेल.

खरा रस शेवटच्या घटकात आहे, 'सिग्नेचर'मध्ये.

ही सही एक्सएमएल सिग्नेचर या डब्ल्यूथ्रीसीच्या २००२ सालच्या शिफारशीप्रमाणे होते. जावात लिहायची तर पंधरावीस ओळींचं काम: किल्लीची पेटी उघडा, 'एक्सएमएल सिग्नेचर फॅक्टरी'कडून संदर्भ तयार करून घ्या, 'साइन' म्हणा. एवढ्या ओळींतून जे बाहेर पडतं त्याचं गुंफण पाहण्यासारखं आहे. आधी अख्ख्या विनंतीचा एसएचए-२५६ ठसा निघतो: बत्तीस बाइट, बेस-६४ मध्ये ४४ अक्षरं, शेवटी एक बरोबरचं चिन्ह. हा ठसा 'डायजेस्ट व्हॅल्यू' म्हणून 'साइन्ड-इन्फो' नावाच्या छोट्या घटकात जातो. ठसा कोणत्या रीतीनं काढला, सही कोणत्या रीतीनं होणार, हेही त्याच घटकात लिहिलं जातं. मग खासगी किल्ली चालते ती या छोट्या घटकावर. सही अशी थेट मजकुरावर बसत नाही. मजकुराच्या ठशाबद्दल केलेल्या एका विधानावर बसते. आणि हे सगळं पुन्हा ज्या विनंतीवर सही करायची त्याच विनंतीच्या पोटात नेऊन ठेवायचं. इथं तर्काचा पेच पडतो. सही विनंतीत गेली की विनंती बदलली, विनंती बदलली की ठसा बदलला, मग सही खोटी ठरली. यावरचा तोडगा एका ओळीचा आहे. त्या संदर्भातच 'एन्व्हलप्ड' नावाचं रूपांतर सांगून ठेवायचं: ठसा काढताना मला वगळून वाचा. स्वतःला वजा करून स्वतःबद्दल बोलणारा मजकूर मी दुसरीकडे फारसा पाहिलेला नाही.

त्याहून नाजूक गोष्ट म्हणजे मजकुराचं प्रमाणरूप. एकच एक्सएमएल दहा प्रकारे लिहिता येतं. गुणधर्मांचा क्रम बदला, एकेरी अवतरणचिन्हं घाला, रिकामा घटक एका खुणेत मिटवा नाहीतर उघड-बंद अशा दोन खुणांत लिहा. अर्थ तोच राहतो. ठशाला मात्र अर्थ कळत नाही, त्याला बाइट कळतात. म्हणून ठसा काढण्याआधी दोन्ही बाजूंनी मजकूर एकाच रूपात आणायचा: गुणधर्म ठरलेल्या क्रमानं, अवतरणं दुहेरी, रिकामा घटक उघड-बंद खुणांचा, ओळीचा शेवट एकसारखा. पोथीच्या पाठभेदांतून मूळ पाठ निश्चित करणाऱ्या संपादकाचं हे काम, फक्त इथं ते क्षणाच्या कणात होतं आणि प्रस्तावना लिहावी लागत नाही. या नियमांत एक सवलत मात्र दिलेली नाही. दोन घटकांच्या मधली मोकळी जागा मजकुराचा भाग धरली जाते. सही झाल्यावर कोणी हौशी प्रणाली विनंती सुबक दिसावी म्हणून ओळी पाडून, दोन जागा आत सरकवून पुढं पाठवते, आणि पलीकडून ५६९ हा आकडा येतो: डिजिटल सही पटली नाही. एकही अक्षर न बदलता, नुसत्या मोकळ्या जागेमुळे. छंदशास्त्रात यतीला जेवढं महत्त्व, तेवढंच इथं आहे.

प्रमाणरूपात ढिलाई झाली तर काय होतं याचा धडा ॲमेझॉनच्या वेब सेवांनी दिला आहे. त्यांच्या सहीच्या पहिल्या रीतीत विनंतीतल्या सगळ्या नाव-किंमत जोड्या क्रमानं लावून, मधे कुठलंही चिन्ह न घालता, एकमेकींना चिकटवून त्यांची सही काढत. कोलिन पर्सिव्हल यांनी २००८ च्या डिसेंबरात यातलं भोक उघड केलं. समजा नाव 'गाव' आणि किंमत 'ठाण' आहे. चिकटवल्यावर होतं 'गावठाण'. नाव 'गा' आणि किंमत 'वठाण' असेल तरीही होतं 'गावठाण'. दोन वेगळ्या विनंत्या, सही एकच. पुढच्या रीतीत मधे चिन्हं आली. आज त्यांची जी चौथी रीत चालते, तीत विनंतीचा प्रत्येक भाग स्वतंत्र ओळीवर असतो, आणि किल्लीही मूळ गुपितापासून तारीख, प्रदेश, सेवा अशा पायऱ्या उतरत रोज नव्यानं काढली जाते. मुंबईच्या सर्व्हरसाठी काढलेली कालची किल्ली आज चालत नाही. संस्कृतात ज्याला पदच्छेद म्हणतात त्याच्या अभावी अर्थ फिरल्याच्या गमती आपण शाळेत ऐकतो. इथं त्या अभावी खातं फिरलं असतं.

आता वाशिमच्याच दुसऱ्या एका सहीबंद मजकुराकडे वळतो. १९३९ साली वाशिमला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट उजेडात आला. हा राजा वर सांगितलेल्या सर्वसेनाचा मुलगा. पट चार पत्र्यांचा, चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातला; वा. वि. मिराशींच्या १९६३ सालच्या वाकाटक लेखसंग्रहात तो सविस्तर संपादित झाला आहे. वंशावळ संस्कृतात, व्यवहाराचा भाग प्राकृतात. वत्सगुल्माहून निघालेली ही आज्ञा नंदिकड, म्हणजे नांदेड, भागातलं एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना देते. सुरुवातीला 'दृष्टम्' अशी नोंद, म्हणजे कोणीतरी तपासल्याची खूण. राज्यवर्ष ३७, हेमंत ऋतू, पहिला पक्ष, चौथा दिवस. लिहिणारा सेनापती वण्हु. देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्यांची गोत्रं, गावाची जागा, सवलतींची लांबलचक यादी: सैनिकांनी गावात शिरायचं नाही, फुलं आणि दूध मागायचं नाही. ऑथ घटकाच्या गुणधर्मांशी ही मांडणी ताडून पाहिली तर विचारणारा, विषय, वेळ, हक्काची व्याप्ती, तपासल्याची खूण, सगळं जागच्या जागी सापडतं. राजाच्या कचेरीतल्या कारकुनाला आधारचं तपशीलपत्र समजावून द्यायला फार वेळ लागला नसता.

फरक पडतो तो खरेपणा कुठं राहतो यात. ताम्रपटांचे पत्रे कडीत ओवत, आणि कडीच्या जोडावर राजमुद्रा ठोकत. पत्रा घुसवायचा किंवा काढायचा तर कडी तोडावी लागे. युक्ती सुंदर आहे, पण मुद्रा प्रत्येक शासनावर तीच असते. ती मजकुराला बाहेरून धरते. आतल्या एका अक्षराशीही तिचं नातं नसतं. त्यामुळे बनावट शासनं होत, आणि ती राज्यकर्त्यांना ठाऊकही होती. उत्तर प्रदेशातल्या मधुबनला सापडलेल्या हर्षवर्धनाच्या २५ व्या राज्यवर्षातल्या ताम्रपटात ते चक्क नोंदवलेलं आहे: वामरथ्य नावाचा ब्राह्मण खोट्या शासनाच्या जोरावर गाव उपभोगत होता, म्हणून तो पत्रा मोडून गाव दुसऱ्यांना दिलं. कंट्रोलच्या विनंतीतली सही मुद्रेसारखी ठोकलेली नसते. ती त्या मजकुरातूनच निघते. व्यवहार क्रमांकातला एक आकडा बदला, अर्ध्याच्या आसपास बिट वेगळे असलेला नवाच ठसा येईल. एका विनंतीची सही सोलून दुसऱ्या विनंतीवर चिकटवली तर ती तिथं परकीच राहते. किल्ली चोरीला गेली तर मात्र दोन्ही काळांत गत सारखीच. ज्याच्या हाती मुद्रा त्याचं शासन.

वेळेच्या बाबतीतही दोन्ही मजकूर उलट स्वभावाचे आहेत. ताम्रपटावरची तारीख काळावर मात करायला लिहिलेली. दान चंद्रसूर्य असेपर्यंत चालावं अशी भाषा दानशासनांत सर्रास येते. विनंतीतली वेळ मरण्यासाठी लिहिलेली आहे. पिड ब्लॉकमधला 'टीएस' सेकंदापर्यंत नेमका असतो, आणि तो ठरलेल्या मुदतीहून जुना झाला की उत्तर येतं ५६१: विनंती शिळी झाली. मशीनचं घड्याळ पुढं असेल तर ५६२: वेळ भविष्यातली आहे. तीच विनंती दुसऱ्यांदा आली तर ५६३. सही शंभर टक्के खरी असूनही ती नाकारली जाते, कारण खरी विनंती वाटेत पकडून उद्या परत वाजवणं ही लबाडी सहीला एकटीला ओळखता येत नाही. नकारांची ही मालिका मला ताम्रपटातल्या त्या सवलतींच्या यादीइतकीच वाचनीय वाटते. लिहिणाऱ्याला कुठल्या कुठल्या वाईट गोष्टींची धास्ती होती हे दोन्ही याद्यांतून कळतं. एका यादीत गावात घुसणारे शिपाई, दुसरीत परत वाजवलेला अंगठा.

मायन्यातला एक गुणधर्म मुद्दाम मागे ठेवला होता. 'आरसी', म्हणजे रहिवाशाची संमती. तपशीलपत्राप्रमाणे त्याची ग्राह्य किंमत एकच: मोठ्या लिपीतला 'वाय'. 'यूजेस'मध्ये आणि उत्तरात येणारा 'वाय' लहान लिपीतला असतो आणि त्याला 'एन'चा पर्याय असतो. या एकट्या मोठ्या 'वाय'ला नाही. तांत्रिकदृष्ट्या हे बरोबरच आहे, संमती नसेल तर विनंती निघायलाच नको. पण रसिकाच्या नजरेला हा शब्द खटकतो, कारण तो कोणीही उच्चारलेला नाही. मानोऱ्याच्या कंट्रोलवर रांगेत उभ्या असलेल्या बाईला कोणी विचारत नाही, तिनं हो म्हटलेलं नाही. तिच्या वतीनं तो 'वाय' प्रणालीनं लिहिला आणि संस्थेच्या किल्लीनं त्यावर सही झाली. सही इतकं सिद्ध करते की संस्थेनं 'संमती आहे' असं म्हटलं. संमती होती, हे ती सिद्ध करत नाही. अख्ख्या विनंतीत हीच एक जागा अशी, जिथं गणित निर्दोष आहे आणि वाक्य पोकळ. सेनापती वण्हूनं लिहिलं ते राजाच्या वचनावरून लिहिलं, आणि राजा कोण ते वरच्या ओळीत आजोबांपासून दिलेलं आहे. इथं वचन कोणाचं, ते लिहायला गुणधर्मच नाही.

उत्तराची संहिता विनंतीहून छोटी आहे, आणि तीही सहीबंद. या वेळी आधारच्या किल्लीनं. 'रेट' म्हणजे निकाल. 'टीएक्सएन' विनंतीतला जसाच्या तसा परत येतो, म्हणून एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच्या पदरात टाकता येत नाही. 'कोड' हा उत्तराचा स्वतःचा खुणेचा क्रमांक. निकाल 'एन' असेल तर 'एरर'मध्ये कारण. कापूस वेचून, ऊस तोडून, भांडी घासून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत त्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा येतं ते ३००. तपशीलपत्रात त्याचा अर्थ एवढाच दिला आहे: बायोमेट्रिक माहिती जुळली नाही. हा माणूस तो नव्हे, असं ते वाक्य कुठंही म्हणत नाही. सहीनं बांधलेलं विधान उपकरणाबद्दल आणि ठशाबद्दल आहे, माणसाबद्दल नाही. संहितेचा लेखक इथं काटेकोर राहिला आहे आणि त्याचं श्रेय त्याला दिलं पाहिजे.

कंट्रोलच्या काउंटरवर त्याच ३०० चं वाचन "तुमचं धान्य निघत नाही" असं होतं. तो अर्थ या संहितेतला नाही. केंद्राच्या अन्न विभागानं २०१७ मध्ये राज्यांना कळवलेलं आहे की केवळ आधार पडताळणी जुळली नाही म्हणून पात्र लाभार्थ्याला धान्य नाकारायचं नाही, दुसरं ओळखपत्र पाहून द्यायचं आणि तशी नोंद ठेवायची. ही सूचना विनंतीच्या कुठल्याही घटकात, उत्तराच्या कुठल्याही गुणधर्मात बसवलेली नाही. तिच्यावर कोणतीही किल्ली चालत नाही, आणि ती पाळली न गेल्यास ५६९ सारखा कुठलाही आकडा कुणाकडे परत येत नाही.